अकरा मिनिटांचं कपाट

मी नाटकातलं कपाट बोलतोय. अगदी नाटकातलंच बरं का. माझ्यात आजवर कुणी साडी ठेवली नाही, रजई ठेवली नाही, की कुणाच्या लग्नाचा अल्बम ठेवला नाही. माझ्यात ठेवली ती फक्त माणसं. तीही दोन-दोन, आणि तीही लपवायला. लांबून मी सागवानी दिसतो, पण ती सगळी रंगाची करामत. चौकट देवदाराची आणि बाकी प्लायवूड. तरी पहिल्या रांगेतली एखादी काकू शेजारणीला म्हणते, "कपाट काय छान आहे नाही!" आणि मी फुगतो. ही फुगायची सवय मला पहिल्यापासून आहे. तिनंच घात केला. तेच सांगायला आज तोंड उघडलंय.

माझा जन्म इंदूरचा, रामबागेतला. तिथल्या एका शाळेच्या मागच्या हॉलमध्ये आमच्या हौशी नाट्यमंडळाच्या तालमी चालतात. मंडळी सगळी नोकरदार. दिवसभर ऑफिसात हिंदी बोलायची आणि संध्याकाळी सहाला हॉलवर येऊन मराठीत भांडायची, रडायची, लग्नं जुळवायची. शंकरराव मंडळाचे दिग्दर्शक. त्यांनी 'मामा आले, कपाट लावा' हा फार्स बसवायला घेतला, तेव्हा नावातलंच कपाट कुठून आणायचं हा प्रश्न पडला. घरचं कपाट द्यायला कुणाचीच बायको तयार होईना. शेवटी नंदू मिस्त्रीला बोलावलं. त्यानं सियागंजच्या बाजारातून बिजागऱ्या, एक पितळी मूठ आणि एक छोटी कडी आणली आणि चार दिवसांत मला उभं केलं. कडी बाहेरून. आत बसायला आडवी फळी, आणि जीव घुसमटू नये म्हणून बाजूला बारीक जाळी.

फार्स अगदी साधा. प्रमोद आणि बेबी एकमेकांवर प्रेम करतात. बेबीचे मामा तापट, ते काम स्वतः शंकररावांचं. मामा अचानक घरी येतात, गोंद्या नावाचा गडी त्या दोघांना कपाटात कोंबतो, बाहेरून कडी लावतो, आणि मग बाहेर मामा आणि गोंद्या यांची जी काही धमाल चालते ती बरोबर अकरा मिनिटं. शेवटी मामा स्वतःच्या हातानं कपाट उघडतात, जोडी सापडते, आरडाओरडा होतो आणि तिसऱ्या अंकात लग्न लागतं.

तुम्ही चार फार्स पाहिले असतील तर ही जोडी तुम्ही पाहिलीच आहे. नाटकांची नावं बदलतात, जोडी तीच. तो कॉलेजातला, खिशाला पेन, हातात गुलाब. ती दोन पावलं पुढे येणार आणि तीन पावलं मागे जाणार. गंमत बघा, सगळं नाटक चाललेलं असतं त्यांच्यासाठी. त्यांचं लग्न व्हावं म्हणून गडी खोटं बोलतो, मामांचं धोतर सुटतं, आत्याबाईंना भोवळ येते. लोक मामांना हसतात, गड्याला हसतात, आत्याबाईंना तर टाळ्या देतात. त्या दोघांचा प्रवेश सुरू झाला की मात्र चिवड्याच्या पुड्या उघडायला लागतात. हल्ली मोबाईल उघडतात. भूमिका वाटतानाही तेच. ज्याला विनोद जमत नाही पण शर्ट अंगावर नीट बसतो, तो प्रियकर. त्या दोघांनी काही करायचं नसतं. ठरल्या वेळी सापडायचं, बस.

माझ्या पहिल्या जोडीतला प्रियकर म्हणजे शरद. वीज मंडळात कारकून, वय अठ्ठावीस. स्टेजवर "बेबी, मी तुझ्याशिवाय जगू शकत नाही!" असं शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल इतकं मोठ्यानं म्हणायचा. स्टेजवरून उतरला की चहा हवा का विचारतानाही अडखळायचा. आणि बेबी झाली होती मधुवंती. चोवीस वर्षांची, शाळेत गणित शिकवायची. तिचं पाठांतर इतकं चोख, की शंकरराव वाक्य विसरले तर ओठ न हलवता त्यांना सांगायची.

मंडळात शंकररावांनी घालून दिलेली एक पद्धत होती. कपाटातल्या जोडीनं रिकामं बसायचं नाही. बाहेर लोक हसत असताना आत कुजबुजत तिसऱ्या अंकातली वाक्यं म्हणून घ्यायची, म्हणजे पुढे अडखळायला होत नाही. तिसरा अंक सहा मिनिटांत उरकायचा. राहिली पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांत बाहेर शंकरराव लोकांना हसवून हसवून बेजार करत, आणि आत हे दोघं अंधारात फळीवर बसून असत.

"आज डब्यात काय होतं?" पहिल्या पहिल्यांदा मधुवंतीच बोलायची.

"पोहे."

"दुपारी पण पोहे? काय यार शरद, सकाळी पोहे, दुपारी पोहे."

"आईचे गुडघे दुखून राहिलेत. मलाच करावं लागतं न. मेरेको पोहेच येतात."

पुढच्या प्रयोगाला तिनं ओढणीत लपवून एक छोटा डबा आणला. कपाटात बसून त्यांनी भरली वांगी आणि पोळी खाल्ली, आवाज न करता. देवासच्या प्रयोगाला कचोरी, धारच्या प्रयोगाला गुळाच्या पोळ्या. तेल माझ्या फळीवर सांडलं, त्याचा डाग अजून आहे. नंदूनं दोनदा रंग दिला तरी तो वर येतोच.

मला सगळं ऐकू यायचं. त्यांच्या आधी मला कळलं होतं, असं म्हटलं तरी चालेल. शरद बोलायच्या आधी फळीच्या कडेवरून अंगठा फिरवायचा. हळूहळू तो अंगठा जास्त फिरायला लागला आणि बोलणं कमी व्हायला लागलं, तेव्हाच मी समजलो.

पण खरं सांगू का? मला त्यात फारसा रस नव्हता. माझे कान बाहेर लागलेले असायचे. स्टेजच्या मधोमध मी उभा, नाटकाच्या नावात मी, आणि हशा सगळा शंकररावांना. मला एकदाही नाही. मी नुसतं गप्प उभं राहायचं आणि पोटात ही मुखदुबळी जोडी सांभाळायची. मला त्यांचा रागच यायचा.

मग उज्जैनचा प्रयोग झाला. तिथलं स्टेज पुढे किंचित उताराचं होतं. माझ्या कडीचा स्क्रू सैल झाला होता, दाराचा भार पुढे आला आणि अकरा मिनिटं व्हायच्या कितीतरी आधी दार कर्रकर्र करत उघडलं. आतली जोडी दिसली. शरदनं घाबरून हात बाहेर काढला आणि दार परत ओढून घेतलं.

आणि काय सांगू तुम्हाला! सभागृह कोसळलं. इतका हशा त्या फार्सला कधी पडला नव्हता. लोक माझ्याकडे बोट दाखवून हसत होते. माझ्याकडे! प्लायवूडच्या थराथरांतून मला तो आवाज जाणवला. त्या दिवसापासून मी बिघडलो.

शंकररावांनी नंदूला झापलं. नंदूनं स्क्रू पिळला. "अब नी खुलेगा भिया, गारंटी," म्हणाला. स्क्रू त्यानं घट्ट पिळला होता हे खरं, पण भोक मोठं झालेलं होतं. कडी टिकणं न टिकणं आता माझ्यावर होतं. मी दार आत ओढून धरलं तर टिकणार, सैल सोडलं तर सुटणार. पुढचे दोन प्रयोग मी धरून ठेवलं. पण मनात तो हशा घोळत होता.

मग आला गणेशोत्सवातला इंदूरचा प्रयोग. सभागृह भरलेलं. मधुवंतीचे आई-वडील तिसऱ्या रांगेत होते. संध्याकाळी सातचा प्रयोग, पहिला अंक छान रंगला. मामा आले, गोंद्यानं दोघांना माझ्यात कोंबलं, कडी लागली. मधुवंतीनं सवयीनं तिसरा अंक सुरू केला, "प्रमोद, मामांना सांगायचं धैर्य आहे तुझ्यात?"

 शरदचा अंगठा फळीवरून एकदा फिरला, दोनदा फिरला.

"अरे, बोल न. तुझं वाक्य आहे," ती कुजबुजली.

"मधुवंती," तो म्हणाला.

ती थांबली. त्या फळीवर बसून त्यानं तिला नेहमी बेबीच म्हटलं होतं.

"हे तिसऱ्या अंकातलं नाही," शरद म्हणाला. "मी... म्हणजे मी रोज तुझ्या शाळेसमोरून जातो, तो माझा रस्ता नाही. माझं ऑफिस एकदम दुसरीकडे आहे. तिथं स्टेजवर बोलतो न, ते वाक्य इतक्यांदा बोललोय की आता ते खरं बोलायला गेलं तर खोटं वाटतं. म्हणून ते नाही म्हणत. इतकंच विचारतो. पुढच्या रविवारी आईला घेऊन तुमच्याकडे येऊ का?"

बाहेर शंकरराव मिशा पुसत होते. लोक हसत होते. आत मधुवंतीनं त्याचा हात धरला. जाळीतून येणाऱ्या उजेडाच्या रेघेत मला तिचे डोळे दिसले, ते भरून आले होते. तिनं बोलायला तोंड उघडलं.

आणि मी दार सोडलं.

का सोडलं? स्क्रूचं भोक मोठं झालं होतं, असं मी म्हणू शकलो असतो. इतकी वर्षं मी स्वतःला तेच सांगत आलो. पण खरं ते खरं. समोर आठशे माणसं होती आणि मला तो हशा पुन्हा हवा होता.

तो मिळाला. उज्जैनच्या दुप्पट मिळाला. हातात हात, डोळ्यांत पाणी, तोंड अर्धं उघडं, अशी बेबी लोकांनी पाहिली आणि पोट धरधरून हसले. तिला काय वाटलं असेल, कल्पना करा. शंकररावांना दांडगा अनुभव. ते क्षणात वळले आणि म्हणाले, "गोंद्या, कपाटात उंदीर झालेत म्हणत होतास, हे तर चांगले कॉलेजात जातात!" टाळ्यांचा कडकडाट झाला. गोंद्यानं दार पुन्हा लावलं. आत अंधार झाला. मधुवंतीनं हात सोडवून घेतला होता. राहिलेली मिनिटं दोघांपैकी कुणीही काही बोललं नाही.

प्रयोग संपला आणि खरा घोटाळा झाला तो विंगेत. शंकररावांनी सगळ्यांदेखत शरदच्या पाठीवर थाप मारली. "वा रे पठ्ठ्या! काय टायमिंग साधलंस! आतून ढकललंस ना दार? आणि तिला रडवलंस कसं? हे ठेवायचं हं, दर प्रयोगाला ठेवायचं!"

सगळे शरदभोवती जमले. तो काय बोलणार? 'दार मी उघडलं नाही' म्हणावं तर पुढचा प्रश्न आलाच असता, 'मग आत रडत का होतात?' चारचौघांत ते सांगणं त्याच्या हातून होणारं नव्हतं. त्यानं ओशाळं हसून मान खाली घातली. ते हसू मधुवंतीनं विंगेच्या दारातून पाहिलं. मीही पाहिलं, पण मी तेव्हा माझ्याच टाळ्या मोजत होतो.

पुढच्या प्रयोगाला माझ्या दाराला एक काळी दोरी बांधलेली होती. विंगेतून कुणी ओढली की दार ठरल्या क्षणी उघडायचं. हमखास हशा. आतली सलग अकरा मिनिटं चारवर आली. चार मिनिटांत तिसरा अंकसुद्धा पुरा होत नाही. मधुवंती फळीच्या टोकाला बसायची आणि भराभर वाक्यं म्हणायची. शरदनं एकदा "मधुवंती" म्हणून सुरुवात केली, तर ती म्हणाली, "चुकलास. तुझं वाक्य 'मामा, मला क्षमा करा' आहे." आणि दोरी ओढली गेली.

सहा महिन्यांनी तिचं लग्न ठरलं आणि ती बडोद्याला गेली. शरद मंडळातच राहिला. त्यानं लग्न केलं नाही. सगळं माझ्यामुळे झालं असं म्हणणं म्हणजेही फुगणंच होईल. आईचं आजारपण होतं, त्याचा स्वभाव होता. पण माझा वाटा मला माहीत आहे. माझ्यात त्याच्या शेजारी चार बेब्या बदलल्या, आणि प्रमोद मात्र तोच राहिला, चाळिशीपर्यंत, केसांना कलप लावून. अंधारात बसला की त्याचा अंगठा तेलाच्या डागावरून फिरायचा. मला वाटायचं, फळीनं दुभंगावं आणि मी मोकळं व्हावं. पण प्लायवूड दुभंगत नाही, नुसतं फुगतं.

मग नाटक बंद पडलं. मला हॉलच्या कोपऱ्यात उभं केलं. शाळेनं माझ्यात खडू, जुने नकाशे ठेवायचा प्रयत्न केला, पण खण नसल्यामुळे सगळं खाली कोसळायचं. शेवटी मला मोकळंच सोडलं. त्या वर्षांत हशा नाही, टाळ्या नाहीत. आठवत राहिलं ते फक्त एक अर्धं उघडलेलं तोंड. ती काय म्हणणार होती? रोज मी तोच विचार करायचो. ती नाही म्हणणार असेल तर माझा गुन्हा लहान. हो म्हणणार असेल तर तो गुन्हा मला पेलणारा नव्हता.

यंदा मंडळाला साठ वर्षं झाली आणि तोच फार्स पुन्हा करायचं ठरलं. शंकरराव आता ऐंशीचे, खुर्चीत बसून दिग्दर्शन करतात. शरद पन्नाशीचा, यावेळी तो मामा. प्रमोद म्हणून अश्विनला घेतला. तो भंवरकुआंला कोचिंग क्लासमध्ये स्पर्धा परीक्षेची तयारी करतो, आणि मराठी आजीकडून आली तेवढीच. बेबी तन्वी. ती एका कॉम्प्युटर कंपनीत आहे.

"शरद भिया, ये 'आर्जव' मतलब क्या?" अश्विननं पहिल्याच दिवशी विचारलं.

"मतलब... रिक्वेस्ट. पण मनापासून केलेली."

"तो डायरेक्ट रिक्वेस्टच बोलू न?"

"बोल," शरद म्हणाला. "तुझ्या शब्दांत बोललास तर बरंच आहे."

आणि एका शनिवारी दुपारी मधुवंती हॉलमध्ये आली. तिच्या नवऱ्याची बदली इंदूरजवळ पीथमपूरच्या कारखान्यात झाली होती. शंकररावांनी फोन करून तिला मामीच्या भूमिकेसाठी बोलावलं होतं. केस पिकलेले, चष्मा, पण चाल तीच. शरद उभा राहिला. "या," म्हणाला. पूर्वी तो तिला 'ये' म्हणायचा.

"कसे आहात?" ती म्हणाली. आणि खुर्ची लांब ओढून बसली.

तालमीत तन्वीला माझ्यात बसायला जमेना. मधुवंती उठली. "गुडघे एका बाजूला घे. असं." ती स्वतः आत येऊन बसली. बावीस वर्षांनी ती फळी तिच्या वजनाला ओळखून किरकिरली. तिची नजर तेलाच्या डागावर गेली आणि तिनं नजर काढून घेतली.

"मावशी, हे दार खुलण्याचं बिट मस्त आहे," तन्वी म्हणाली. "कोणाची आयडिया होती?"

"तुमच्या शरद भियांची," मधुवंती म्हणाली. "लोकांना हसवण्यासाठी माणूस काय काय करतो. समोरच्याला खरं वाटेल असं बोलायचं, त्याच्या डोळ्यांत पाणी आणायचं, आणि मग दार ढकलायचं. मोठे कलाकार आहेत ते."

मी हादरलो. म्हणजे इतकी वर्षं तिला असं वाटत होतं! तिचं उत्तर मी अडवलं, एवढंच मला ठाऊक होतं. शरदनं तिची थट्टा केली, तिच्या डोळ्यांतलं पाणी आठशे लोकांना दाखवायला काढलं, असं ती समजून बसली होती. बावीस वर्षं एका भल्या माणसावर माझ्या लोभाचा आळ होता आणि मी कोपऱ्यात उभा राहून स्वतःची कीव करत होतो. अशी लाज मला कधी वाटली नव्हती.

पण त्यांच्याशी बोलायला मला तोंड कुठे आहे? दारच काय ते आहे.

त्याच दुपारी नंदू मिस्त्री आला. तोही म्हातारा झालाय, चष्म्याला दोरी लावलेली. माझी दुरुस्ती करायची होती. त्यानं आधी जुनी काळी दोरी कापली आणि गुंडाळून हातात घेतली. कडी लावून पाहिली, मान हलवली, आणि हत्यारांच्या पिशवीकडे वळला. मधुवंती समोरच बसली होती. शरद खिडकीपाशी वाक्यं पाठ करत होता.

मी दार सोडलं. यावेळी कुणी हसावं म्हणून नाही. कर्रकर्र आवाज झाला, कडी निखळली, आणि दार उघडलं. आत कुणीही नव्हतं.

मधुवंतीनं वर पाहिलं. "दोरी कोणी ओढली?"

"दोरी तो ये रही मेरे हात में, दीदी," नंदू म्हणाला. "ये तो अपने आप खुलता हे. पेले से बदमास हे ये. उज्जैन में खुला, फिर गणपती वाले खेल में खुला. दोरी तो उसके बाद लगी."

"गणपतीच्या प्रयोगाला दोरी नव्हती?"

"किधर थी! दूसरे दिन सुबू-सुबू शरद भिया मेरे घर आए. इत्ते गुस्से में मेने उनको कभी नी देखा. बोले, नंदू, ऐसा ठोक दे कि जनम में नी खुले. में तो ठोक रा था, पन शंकररावजी बोले, नी, दोरी बांध, हंसी आती हे."

मधुवंती बराच वेळ माझ्या उघड्या दाराकडे पाहत राहिली. मग उठली आणि खिडकीपाशी गेली. हॉल लहान आहे, मला सगळं ऐकू येतं.

"शरद, त्या दिवशी दार तू उघडलं नव्हतंस?"

"नाही."

"मग सांगितलं का नाहीस?"

"विंगेत? सगळ्यांसमोर? मग आपण आत काय बोलत होतो तेही सांगावं लागलं असतं."

"आणि नंतर?"

शरदनं हातातली वही मिटली. "नंतर तू फक्त तिसरा अंक म्हणायचीस."

तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला. "रविवारी या, असं म्हणणार होते मी. आईनं त्या दिवशी तुला बघायलाच तिसऱ्या रांगेतलं तिकीट काढलं होतं."

 शरदचा अंगठा खिडकीच्या चौकटीवरून फिरत होता. ती म्हणाली, "मी तुला फार वाईट समजत आले रे. त्याचं काय करू आता?" तो म्हणाला, "आज समजलं न. मला तेवढं पुष्कळ आहे." आणि मग त्यानं तिला विचारलं, चहा घेशील का. अजिबात न अडखळता विचारलं.

ती हो म्हणणार होती. म्हणजे माझा गुन्हा मोठाच निघाला. मी सुटलो असं मला मुळीच वाटलं नाही. आळ उतरला तो शरदचा, माझा नाही. त्यांची ती बावीस वर्षं मला परत देता येत नाहीत. मधुवंती आपल्या संसारात सुखी आहे असं दिसतं, आणि मला तिचं वाईट व्हावंसं कधी वाटलं नाही. पण एक रविवार मी खाल्ला, तो खाल्लाच.

चहा पिऊन आल्यावर मधुवंती नंदूला म्हणाली, "नंदूभैया, ही बाहेरची कडी काढा. दोरी नको. आतून लावा कडी."

शंकरराव खुर्चीतून ताडकन उठायला गेले. "अगं, असं काय करतेस! हमखास हशाची जागा आहे ती. लोक अजून आठवण काढतात."

"जाऊ दे तो हशा, काका," शरद म्हणाला. "मामा मी आहे न? मी दुसरीकडे मिळवून देतो."

"आणि मामांनी कपाट उघडायचं कसं, कडी आतून असल्यावर?"

"टकटक करतील," मधुवंती म्हणाली. "आणि थांबतील."

गेल्या आठवड्यात प्रयोग झाला. मामा आले, गोंद्यानं दोघांना आत घातलं, आणि तन्वीनं आतून कडी लावली. अकरा मिनिटं पुरी अकरा मिळाली. आत दोघं कुजबुजत होते. ते तिसरा अंक म्हणत होते, की अश्विनच्या परीक्षेबद्दल बोलत होते, की आणखी काही, मला माहीत नाही. मी ऐकलं नाही. बाहेर कान देणं जितकं वाईट होतं तितकंच आत देणंही वाईट, हे मला उशिरा कळलं. मी फक्त दार धरून उभा राहिलो. बिजागऱ्या भरून आल्या, पण सोडलं नाही.

मग शरदमामा माझ्यासमोर आले. मूठ न ओढता त्यांनी बोटानं टकटक केली आणि थांबले. सभागृह शांत झालं. आतून उत्तर येईना. मामी झालेली मधुवंती त्यांच्या शेजारी उभी होती, तीही थांबली.

"दोन मिनिटं हं मामा," आतून तन्वी म्हणाली. हे नाटकात नव्हतं.

लोक हसले. फार मोठा नव्हता तो हशा, पण त्या फार्समध्ये प्रियकर-प्रेयसीला मिळालेला तो पहिलाच. त्यात माझं काहीच नव्हतं, आणि मला त्याचं बरं वाटलं.

आता मी पुन्हा हॉलच्या कोपऱ्यात उभा आहे. बहुतेक यापुढे मला कुणी बाहेर काढणार नाही. तळाला वाळवीनं सुरुवात केली आहे. जाता जाता एवढंच मागतो. पुढच्या वेळी एखाद्या फार्समध्ये ती बावळट जोडी कपाटात शिरली, तर बाहेरच्या धमालीला मनसोक्त हसा, त्यासाठीच तिकीट काढलंय तुम्ही. फक्त दार लवकर उघडावं म्हणून टाळ्या पिटू नका. आत कुणीतरी रविवारी येऊ का म्हणून विचारत असेल. त्याला उत्तर मिळेपर्यंत थांबा.